वरच्या ओळीचं पाणी

आमच्या वसाहतीत ६४ घरं आहेत आणि पाण्याबद्दल ६५ मतं. घाटाच्या अलीकडे, एका तालुक्याच्या गावाबाहेर टेकडीच्या उतारावर ही वसाहत आहे. १९९८ च्या सुमारास बँकेतल्या, शाळेतल्या, एसटीतल्या नोकरदार मंडळींनी सोसायटी काढून, कर्जं घेऊन इथं प्लॉट घेतले. उतारावर पायऱ्यांसारख्या पाच ओळी आहेत. रस्त्यालगतची ती पहिली आणि सर्वांत वरची ती पाचवी. ज्यांच्याकडे तेव्हा जास्त पैसे होते त्यांनी खालचे प्लॉट घेतले. उरलेल्यांच्या वाट्याला वारा, सूर्यास्त आणि पाचवी ओळ आली. मी तिसऱ्या ओळीत राहतो, म्हणजे वरच्यांच्या आणि खालच्यांच्या तक्रारी सारख्याच अंतरावरून ऐकू येतील अशा जागी.

टेकडीच्या खांद्यावर आमची लाखभर लिटरची बैठी टाकी आहे. गावाचं पाणी रात्री तिच्यात येऊन पडतं आणि सकाळी साडेसहा ते साडेआठ खाली सोडतात. पंप नाही, वीज नाही, सगळा कारभार उतारावर. पहिली काही वर्षं पाणी भरपूर होतं, इतकं की लोक अंगणात पाइप लावून शेजाऱ्याचीही बाग भिजवत. मग हळूहळू पाचव्या ओळीचं पाणी बारीक झालं. गच्चीवरच्या टाकीत चढेना, मग स्वयंपाकघरातल्या नळाला येईना, शेवटी अंगणातल्या तोटीला सुतळीएवढी धार राहिली. पाचव्या ओळीत एकट्या राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, वय ८१. सगळे त्यांना बाई म्हणतात. त्या सकाळी साडेसहाला तोटीखाली बादली लावायच्या, खुर्ची टाकून शेजारी बसायच्या आणि साडेआठपर्यंत तीन बादल्या झाल्या की दिवस चांगला गेला म्हणायच्या.

पाण्याचा प्रश्न आला की माणसाला आधी खलनायक लागतो. कादंबरी लिहितानाही तो लागतो, पण तिथं निदान त्याला दोनतीन प्रकरणं वाट पाहायला लावता येते. आमच्याकडे तो लगेच सापडला. टाकीच्या पलीकडे, ओढा ओलांडला की एक वस्ती आहे. अठरा घरं. आमची वसाहत बांधणारे गवंडी, बिगारी काम संपल्यावर तिथंच राहिले. त्यांच्या बायका आता आमच्याच घरांत धुणीभांडी करतात. त्यांना एक इंची पाइपानं एक नळकोंडाळं दिलेलं होतं. सोसायटीच्या जुन्या कार्यकारिणीनं माणुसकी म्हणून दिलं, असं इतिवृत्तात आहे. २०२३ च्या सर्वसाधारण सभेत ठराव आला की पाण्याची गळती वस्तीत होते, सबब ते कोंडाळं बंद करावं आणि पाचव्या ओळीसाठी पाच अश्वशक्तीचा पंप बसवावा. वर्गणी प्रत्येकी चार हजार.

सभा संपल्यावर आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी पायरीवर थांबल्या होत्या. बातमी त्यांच्यापर्यंत माझ्या आधी पोचली होती. म्हणाल्या, ‘‘साहेब, नळ तोडला तर खालच्या हापशावर जावं लागंल. चढ बघितलाय न्हवं तुमी?’’ चढ मी बघितला होता. भरलेली घागर घेऊन नव्हता चढलो.

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कुणी ‘गळती आहे’ म्हटलं की तो विचारतो, किती? कोणत्या खात्यातून? आमच्या सभेत हे कुणी विचारलं नव्हतं. चार हजारांचा ठराव टाळ्यांच्या गजरात झाला होता. मी लेखी विनंती करून दोन महिन्यांची मुदत मागून घेतली. ती मिळाली, कारण पंपाचं कोटेशन यायचं होतं.

पाण्याच्या दाबाचं गणित फार अवघड नाही, आणि ते घरोघरी ठाऊक असायला हवं असं मला वाटतं. उभ्या पाइपात दहा मीटर उंचीपर्यंत पाणी भरलं, तर तळाशी दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब येतो. फिटर लोक त्याला नुसतं ‘एक किलो प्रेशर’ म्हणतात. पाइप जाड असो की बारीक, पाणी स्थिर असेतोवर हा दाब फक्त उंचीवर ठरतो. ही झाली खात्यावरची शिल्लक. पण नळ उघडला, पाणी धावू लागलं, की पाइपाच्या भिंती घर्षणापोटी कपात सुरू करतात. ही कपात पाणी किती वेगानं धावतं त्यावर असते, आणि ती सरळ हिशेबानं वाढत नाही. प्रवाह दुप्पट केला की कपात जवळजवळ चौपट होते. आणि तेवढंच पाणी निम्म्या व्यासाच्या पाइपातून न्यायचं म्हटलं तर कपात होते सुमारे ३२ पट! हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती. फ्रान्समधल्या दिजाँ शहरात आंरी दार्सी नावाच्या इंजिनिअरनं १८४० साली बारा किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या झऱ्याचं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारानं आणलं. पुढं त्यानं वेगवेगळ्या पाइपांतून पाणी सोडून ही कपात मोजली, आणि तिच्या सूत्रात आजही त्याचं नाव आहे.

तेव्हा पहिलं काम शिल्लक तपासण्याचं. दुसऱ्या ओळीत साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर राहतात. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणतो, वयानं ते माझ्याहून दोन वर्षांनी लहान असले तरी. मामांनी बॉयलरवर असतं तसलं, पण छोटं, चार किलोपर्यंतचं घड्याळ आणलं आणि ते कुठल्याही तोटीला बसेल असा जोड तयार केला. आम्ही एका पहाटे चारला निघालो. सगळ्यांचे नळ बंद. टाकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि ओळीओळीनं मोजत गेलो. पाचव्या ओळीला ०.९ किलो, पहिल्या ओळीला ३.१. पाचवी ओळ टाकीतल्या पाण्यापासून नऊ मीटर खाली आहे, पहिली ३१ मीटर. शिल्लक पैन्‌पै जुळत होती. टाकीची उंची कमी नव्हती, आणि तिथपर्यंत वाटेत मोठी गळतीही दिसत नव्हती.

मग सकाळी सव्वासातला, ऐन गर्दीत, तेच मोजलं. पहिल्या ओळीला २.२. पाचव्या ओळीला ०.२! बाईंच्या अंगणात घड्याळाचा काटा जेमतेम हलला. बाईंनी चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘हे मला घड्याळाशिवायही माहीत होतं हो.’’

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पंपवाल्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत म्हटलं होतं की घराच्या जोडणीपाशी एकमजली घरासाठी किमान सात मीटर, दुमजलीसाठी बारा आणि तीनमजलीसाठी सतरा मीटर दाब शिल्लक असावा. पाचव्या ओळीची मूळ शिल्लकच नऊ मीटर. म्हणजे सगळं यथास्थित असतं तरी तिथल्या दुमजली बंगल्यांच्या गच्चीवर पाणी आपोआप जोरात चढणं कठीणच होतं. जमिनीतली टाकी बांधून तिच्यातून मोटरनं पाणी वर चढवणं त्यांना भागच होतं. पण खालच्या तोटीला सात मीटर मिळायला काहीच हरकत नव्हती. मिळत होते दोन.

दुसरा हिशेब टाकीचा. टाकी आतून आठ मीटर लांब, पाच मीटर रुंद. म्हणजे पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की ४०० लिटर खर्ची पडले. मामांनी बांबूवर खुणा केल्या आणि मी टाकीच्या झाकणापाशी वही घेऊन बसलो. दीड तासात पातळी एक मीटर साठ सेंटिमीटर उतरली. ६४ हजार लिटर. घरामागे सरासरी हजार लिटर, माणसी अडीचशे धरा. त्याच पुस्तिकेत भुयारी गटारं असलेल्या शहरांसाठी माणसी १३५ लिटरांचं प्रमाण होतं. पाणी कमी नव्हतंच, ते खालच्या दोन ओळींच्या जमिनीतल्या टाक्यांमध्ये जात होतं आणि तिथं फ्लोट नसल्यानं भरून वाहून गटारात. खालच्या मंडळींना दोष द्यावा असंही नाही. झोपेतून उठून नळ बंद करायला जावं असं त्यांना कुठल्या काट्यानं सांगितलं नव्हतं.

आणि वस्ती? मावशींच्या सांगण्यावरून मी सकाळी साडेसहाला कोंडाळ्यावर जाऊन उभा राहिलो. घागरींची रांग लागली होती आणि नळ कोरडा. सात वाजले, साडेसात वाजले, नळातून सूं सूं असा वारा तेवढा येत होता. आठला एक पिचकारी उडाली, मग गढूळ, मग धार. १५ लिटरची बादली भरायला ५० सेकंद. साडेआठला पाणी गेलं तेव्हा ३६ बादल्या झाल्या होत्या. ५४० लिटर, अठरा घरांत, ऐंशी माणसांत. माणसी सात लिटरसुद्धा नाही. पुस्तिकेत सार्वजनिक नळावरच्या माणसाला किमान ४० लिटर सांगितलेले आहेत.

याचं कारणही उंचीतच होतं. कोंडाळं टाकीच्या फक्त सहा मीटर खाली आहे. वसाहतीचे नळ सुरू असेपर्यंत वाटेतच सहा मीटरची कपात होत होती, म्हणजे वस्तीकडे पाणी ढकलायला काही उरतच नव्हतं. आमचं भरून झाल्यावर, प्रवाह मंदावल्यावर, त्यांच्याकडे पाणी सरकायचं. आमचं पाणी पळवतात असा ज्यांच्यावर आळ होता, त्यांना चोरीच्या वेळेत एक थेंब मिळत नव्हता!

तरी ही सहा मीटरची कपात होत कुठं होती? टाकीपासून चाळीस मीटरवर पहिलं चेंबर आहे. तिथून पाचव्या ओळीचा आणि वस्तीचा फाटा फुटतो. सव्वासातला तिथं घड्याळ लावलं तर ०.३. पहाटे तिथंच ०.९ होते. म्हणजे पहिल्या चाळीस मीटरांतच सहा मीटर पाणी गिळलं जात होतं. चार इंची पाइपातून एवढा प्रवाह चाळीस मीटर न्यायला एक मीटरही लागू नये. मामांना आधी व्हॉल्व्हचा संशय आला. स्लूस व्हॉल्व्हचं चाक पूर्ण फिरतं पण आतली झडप दांड्यापासून सुटून अर्धी खाली लोंबत असते, असं पुष्कळदा होतं म्हणे. त्यांनी व्हॉल्व्ह खोलून पाहिला. झडप ठणठणीत होती.

आता चाळीस मीटर रस्ता उकरायचा की काय, असा प्रश्न आला. मामा म्हणाले, ‘‘साहेब, पाणी धावतं तेव्हा बोलतं.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी ते लोखंडी सळई घेऊन आले. सळईचं एक टोक जमिनीत रोवायचं, दुसरं कानाला लावायचं. गळती शोधायची ही जुनीच पद्धत आहे. टाकीकडून दर दोन पावलांवर ऐकत ते खाली आले आणि टेकडीवर जाणारा कच्चा रस्ता जिथं पाइप ओलांडतो तिथं थांबले. माझ्याही कानाला सळई लावली. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा, पण सलग आवाज.

मामा फावडं आणायला गेले आणि मी घरी आलो. माझ्याकडे सोसायटीची जुनी व्हाउचरं आहेत, कारण निवृत्त झाल्यापासून अंतर्गत तपासणी माझ्या गळ्यात आहे. त्या रस्त्याचं काम २०११ साली झालं होतं एवढं आठवत होतं. २०११-१२ ची फाइल काढली. दीड तासात सापडलं. ‘रस्त्याच्या कामात पाइप फुटल्याने तातडीची दुरुस्ती. दोन इंची जीआय पाइप १० फूट, रिड्युसर २ नग, मजुरी.’ खाली सही, शिक्का, रेव्हेन्यू स्टॅम्प. व्हाउचर निर्दोष होतं. तपासणीत मी असतो तर मीही पास केलं असतं. दोन इंची का, असा प्रश्न कोणताही ऑडिटर विचारत नाही.

चर खणल्यावर तोच तुकडा निघाला. चार इंची पाइपांच्या मधोमध दहा फुटांचा दोन इंची पाइप, दोन्हीकडे रिड्युसर. आतून गंजाचा पातळ थर. जेसीबीनं संध्याकाळी पाइप फोडला असेल, दुकानात चार इंची मिळाला नसेल, आणि रात्री पाणी चालू करायचं होतं. ‘उद्या बदलू’ म्हणाले असतील. ज्यानं केलं त्याच्यावर माझा राग नाही. वसाहतीला त्या रात्री पाणी मिळालं.

मग बारा वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? याचं उत्तर मला या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत लक्षात राहण्यासारखं वाटतं. २०११ साली इथं घरं होती वीस-बावीस. प्रवाह आजच्या एकतृतीयांश. प्रवाह तिसरा हिस्सा, तर कपात नववा हिस्सा. आज जो तुकडा पाच मीटरहून अधिक दाब खातो, तो तेव्हा जेमतेम अर्धा-पाऊण मीटर खात होता. तेवढ्यानं काय बिघडतं? मग दरवर्षी दोनचार घरं वाढली. प्रत्येक नव्या घरानं आपल्या वाट्याचं पाणी घेतलं आणि त्याबरोबर सगळ्यांच्या दाबातला थोडा थोडा भाग नकळत कमी केला. घरं वाढली तशी वस्तीतली माणसंही वाढली, कारण घरकामाला बायका लागल्या. लोकांनी दोन वाढत्या गोष्टी पाहिल्या आणि एकीवर दुसरीचं खापर फोडलं. बँकेत थकलेली कर्जं मी अशीच पाहिली आहेत. खातं ज्या दिवशी बुडीत दाखवतात त्या दिवशी ते बुडालेलं नसतं.

पंप बसवला असता तर काय झालं असतं, हेही मामांनी सभेत सांगितलं. पंपाची जागा ठरली होती पहिल्या चेंबरपाशी, म्हणजे या तुकड्याच्या खालच्या अंगाला. पाच अश्वशक्तीच्या त्या पंपानं दोन इंची नळीतून पाणी ओढायची पराकाष्ठा केली असती, बिल सोसायटीनं भरलं असतं आणि मागच्या पाइपात निर्वात झाला असता. निर्वाताची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. दाबाखाली असलेल्या पाइपाला चीर असली तर पाणी बाहेर येतं. निर्वात झाला की बाहेरचं पाणी आत जातं, आणि आपल्याकडे पाइपाच्या शेजारून बहुधा गटार गेलेलं असतं. आमच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत नऊ घरांनी लाइनला थेट मोटर लावलेली होती. तो गुन्हा आहे हे सर्वांना ठाऊक होतं आणि मोटरीवर पोतं टाकलेलं असायचं. शेजाऱ्यानं लावली म्हणून आपण लावली, एवढीच प्रत्येकाची कैफियत. त्या वर्षी पावसाळ्यात चौथ्या ओळीतल्या तीन मुलांना कावीळ झाली होती. ती याच पाण्यानं झाली असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण मामांनी सभेत हा विषय काढला तेव्हा पहिल्यांदाच पंपाच्या बाजूचे लोक गप्प बसले.

तुकडा बदलला. दहा फूट चार इंची पाइप, दोन कपलर, खड्डा खणण्याची मजुरी. पंपाच्या वर्गणीत एका ओळीनं दिले असते तेवढेही पैसे लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी सव्वासातला पहिल्या चेंबरला घड्याळ लावलं, ०.७५. बाईंच्या तोटीला ०.७. बाई खुर्ची घेऊन बसल्या होत्या, पहिली बादली भरून वाहिली तेव्हा त्यांची धांदल झाली.

पण काम तिथं संपलं नाही. वरचा दाब वाढला तसा खालचाही वाढला. पहिल्या ओळीत दोन दिवसांत चार तोट्यांचे वॉशर गेले आणि एका घरातली प्लॅस्टिकची जोडनळी फुटली. दाब जास्त झाला की गळतीही वाढते, हे खालच्यांना तेव्हा कळलं. त्यांच्या फाट्याचा व्हॉल्व्ह थोडा आवळायचा आणि प्रत्येक जमिनीतल्या टाकीला फ्लोट बसवायचा, असं आम्ही सुचवलं. ‘आमचं प्रेशर कमी करून वरच्यांना देणार का?’ असं एका सभासदानं विचारलं. उत्तर ‘हो’ असंच होतं. ते जरा वळणानं दिलं. दोन सभा या एका व्हॉल्व्हवर गेल्या. अखेर दीड किलोवर तडजोड झाली. तेवढ्यातही पाणी पंधरा मीटर चढतं, खालचे बंगले सात मीटरांचे आहेत.

राहिली वस्ती. त्यांच्या पाइपाला ओढ्यापाशी खोल उतार आणि पुढं एक उंचवटा आहे. रोज पाणी गेलं की उंचवट्यावर हवा साठते आणि दुसऱ्या दिवशी बुचासारखी बसते. पाण्याला जोर असेल तर ते हवा रेटून नेतं, नसेल तर अडून राहतं. कोंडाळ्यातून तासन्‌तास येणारा तो वारा हाच. यावर इलाज म्हणजे उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह. हाताच्या मुठीएवढी वस्तू, आत एक गोळी. हवा असेतोवर वाट उघडी, पाणी आलं की गोळी उचलून वाट बंद.

हे काही आजचं शहाणपण नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तलावाचं पाणी भुयारी नळानं पुण्यात शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं, तेही निव्वळ उतारावर. त्या नळावर ठिकठिकाणी जमिनीच्या वर डोकावणारी बांधकामं होती. त्यांना नाव होतं ‘उच्छ्वास’. पाइपाला श्वास सोडायला जागा हवी, हे त्या कारागिरांना नेमकं ठाऊक होतं आणि त्यांनी त्याला किती सुरेख शब्द दिला! छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहायला जाणारे पर्यटक भिंतीवरून कोसळणाऱ्या पाण्याचे फोटो काढतात. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर येऊन त्या उंच भिंतीवर पंपाशिवाय चढतं, कारण ते निघालं तेव्हा त्याहून उंचावर होतं. मुंबईत मलबार हिलच्या फिरोजशहा मेहता बागेत फिरताना पायाखाली एकोणिसाव्या शतकातला जलाशय आहे हे अनेकांना माहीत नसतं. दक्षिण मुंबईच्या नळांचा दाब त्या टेकडीच्या उंचीतून येतो. आणि त्याच मुंबईत घाटकोपर-भांडुपच्या डोंगरउतारांवरच्या वस्त्यांत बायका आजही पहाटे उठून बारीक धारेखाली हंडे लावतात. टेकडीवर टाकी असणं आणि टेकडीवर घर असणं यांत हा असा फरक आहे. जलजीवन मिशननं २०१९ पासून गावोगाव माणसी ५५ लिटरांचं उद्दिष्ट धरून नळ नेले. कोकणात, मावळात वाडी कधी कधी टाकीच्या उंचीला किंवा त्याच्याही वर असते. तिथं नळ पोचला तरी शेवटच्या घरात सकाळी सव्वासातला घड्याळ लावून पाहावं, असं मला हल्ली फार वाटतं.

वस्तीच्या उंचवट्यावर मामांनी एअर व्हॉल्व्ह बसवला, त्याला विटांचा छोटा कठडा केला. पहिल्या दिवशी साडेसहाला नळातून फुर्रकन वारा आला आणि पाचव्या मिनिटाला धार. बादलीला चाळीस सेकंद. दोन तासांत १८० बादल्या होतात, म्हणजे माणसी ३४ लिटर. चाळीसला अजून सहा कमी. मावशी आता साडेसातला कामाला येतात. पूर्वी नऊ वाजायचे. आमच्या घरात याचं कौतुक झालं. तो दीड तास मावशी पूर्वी कोरड्या नळासमोर रांगेत उभ्या असायच्या, हे मीच चहाच्या वेळी एकदा सांगितलं.

कोंडाळं बंद करण्याचा ठराव रद्द झाला नाही. सभेच्या नियमांप्रमाणे तो ‘तहकूब’ आहे. वस्तीनं स्वतःच्या नावानं मीटरसह जोडणी मिळावी म्हणून जिथं करायचा तिथं अर्ज केला आहे. त्याला चौदा महिने झाले. अर्जाबरोबर जोडायला मी त्यांना टाकीचा आणि बादल्यांचा हिशेब टाइप करून दिला. तो फाइलीला लागला आहे, एवढं पाहून आलो. लाइनवरच्या नऊ मोटरींपैकी सात निघाल्या. उरलेल्या दोन कुणाच्या ते सर्वांना माहीत आहे.

घड्याळ आता पहिल्या चेंबरमध्ये कायमचं बसवलं आहे आणि मामा रोज सव्वासातचा आकडा वहीत लिहितात. वर्षभर ०.७५ च्या आसपास होता. गेल्या महिन्यात सहा रिकाम्या प्लॉटांपैकी दोनांवर बांधकाम सुरू झालं आणि आकडा ०.६५ वर आला. बांधकामाला लाइनचं पाणी वापरत असतील किंवा कुठं नवी गळती असेल. येत्या मंगळवारी पहाटे चारला आम्ही पुन्हा निघणार आहोत. मामांनी सळई घासून ठेवली आहे.